वजाबाकीत हरवलेला उजेड

११ जुलै २०२२ रोजी व्हाइट हाउसमध्ये जो बायडन यांनी जेम्स वेब दुर्बिणीचं पहिलं रंगीत चित्र जगाला दाखवलं. पुढचे दोन दिवस ते चित्र वर्तमानपत्रांत, टीव्हीवर आणि मोबाइलवर सगळीकडे होतं. लोकांनी त्यातल्या धनुष्यासारख्या वाकलेल्या तांबूस रेघा पाहिल्या. मागच्या, फार दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश पुढच्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे वाकतो आणि त्या रेघा दिसतात. बातम्याही त्यांच्याच झाल्या. चित्राच्या मधोमध एक मोठी पांढरी दीर्घिका आहे. तिच्याभोवती एक दुधी धूसरपणा पसरलेला आहे आणि तो कुठे संपतो ते नीट सांगता येत नाही. कॅमेऱ्याचा किंवा छपाईचा दोष म्हणून बहुतेकांची नजर त्यावरून पुढे सरकली असणार.

तो दोष नव्हता. तो कोट्यवधी ताऱ्यांचा उजेड होता, आणि त्यातले बरेचसे तारे आज कुठल्याच दीर्घिकेचे नाहीत. आपापल्या दीर्घिकांमधून ओढून काढलेले हे तारे समूहाच्या मोकळ्या जागेत भटकत असतात. संशोधक या उजेडाला 'आयसीएल' (इंट्राक्लस्टर लाइट) असं तीन अक्षरी नाव देऊन मोकळे होतात, पण त्यामागची हकिकत लांबलचक आहे. तिच्यातला बराच काळ हा उजेड दुर्बिणीत शिरत होता, नोंदला जात होता आणि नंतर पद्धतशीरपणे पुसून टाकला जात होता.

सुरुवात खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांच्यापासून. मूळचे स्विस, नोकरी कॅलिफोर्नियात, स्वभाव भांडखोर. अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून जास्त दीर्घिकांचा एक समूह आहे. तारकासमूहाच्या लॅटिन नावावरून त्याला 'कोमा' म्हणतात. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगानं पळताहेत की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर हा समूह एकत्र राहणंच शक्य नाही, असं झ्विकींनी १९३३ मध्ये दाखवलं. समूहाला धरून ठेवणारं काहीतरी न दिसणारं त्यात भरलेलं असलं पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. कृष्णद्रव्याची कथा सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात. पण १९५१ मध्ये याच समूहाविषयी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती: पालोमारच्या दुर्बिणीतून पाहता कोमामधल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेतही अतिशय मंद प्रकाश पसरलेला आहे, आणि तो सुट्या ताऱ्यांचा असावा. पहिल्या निष्कर्षाकडे लोकांनी चाळीसएक वर्षं फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्याला त्याहून जास्त थांबावं लागलं.

दीर्घिकांची टक्कर म्हटलं की तारे एकमेकांवर आदळताहेत असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तसं जवळजवळ कधीच होत नाही. सूर्य मोहरीच्या दाण्याएवढा केला, तर त्याच प्रमाणात त्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा ५५-६० किलोमीटरवर जातो. अशा विरळ पसाऱ्यातून असाच दुसरा पसारा गेला, तर दाण्याला दाणा लागण्याची शक्यता ती काय! दोन्ही दीर्घिकांचे तारे एकमेकांच्या मधून आरपार निघून जातात. मोडतोड होते ती गुरुत्वाकर्षणाच्या असमान ओढीमुळे. जवळच्या बाजूच्या ताऱ्यांना जोरात ओढ बसते, दूरच्या बाजूच्यांना कमी. चंद्रामुळे समुद्राला भरती येते तीही याच कारणानं. फरक इतकाच की दीर्घिकेचे काठचे तारे सैल बांधलेले असतात, त्यामुळे एकदा उठलेली ही भरती पुन्हा ओसरत नाही. दोन्ही बाजूंना ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघतात.

हे गणित संगणक नसताना कुणीतरी करून पाहिलं होतं, आणि तो प्रयोग मला सगळ्या आधुनिक सिम्युलेशन्सपेक्षा जास्त आवडतो. १९४१ मध्ये स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्ग यांनी प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७, असे एकूण ७४ विजेचे दिवे अंधाऱ्या खोलीत मांडले. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं आणि दिव्याचा प्रकाशही तसाच कमी होतो. मग एखाद्या ताऱ्यावर बाकीच्या सगळ्या ताऱ्यांची किती ओढ बसते हे काढायला आकडेमोड कशाला? त्या दिव्याच्या जागी प्रकाश मोजणारं यंत्र ठेवायचं, कुठल्या बाजूनं किती उजेड येतो ते वाचायचं, आणि त्या हिशेबानं दिवा हातानं थोडासा पुढे सरकवायचा. मग पुढचा दिवा. मग त्याच्या पुढचा. सगळे सरकवून झाले की पुन्हा पहिल्यापासून. जवळून जाणाऱ्या दोन दीर्घिका एकमेकींच्या कचाट्यात सापडू शकतात आणि त्यांच्यातून फाटे निघतात, हे त्यांनी अशा प्रकारे खोलीतल्या खोलीत दाखवलं.

१९७२ मध्ये आलार आणि युरी टूम्रे या मूळच्या एस्टोनियाच्या दोन भावांनी हेच काम संगणकावर केलं. अवकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या वेड्यावाकड्या जोड्यांची रूपं त्यांच्या गणितातून जशीच्या तशी निघाली. त्यातली एक जोडी 'माइस' नावानं ओळखली जाते. लांब शेपट्यांच्या या दोन दीर्घिका कोमा समूहाच्याच दिशेला सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. तोवर अशा शेपट्या गुरुत्वाकर्षणानं निघू शकतात हेच अनेकांना पटत नव्हतं.

मोठ्या समूहाच्या आत मात्र एक गोम आहे. तिथं दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं धावतात. इतक्या वेगात एक दुसरीजवळून गेली तर ओढायला वेळच मिळत नाही. थोडा हिसका बसतो आणि भेट संपते. मग इतके तारे सुटे झाले कसे?

याला एकच एक उत्तर नाही. असे हिसके अब्जावधी वर्षं बसत राहिले तर लहान दीर्घिकांचे काठ झिजत जातात. शिवाय संपूर्ण समूहाची मिळून एक ओढ असते, ती केंद्राजवळून जाणाऱ्या प्रत्येकीचं काही ना काही काढून घेते. पण खरी मोडतोड बहुधा समूहात शिरण्याआधीच होऊन गेलेली असते. बऱ्याच दीर्घिका समूहात एकेकट्या येत नाहीत, पाच-दहांच्या टोळक्यानं येतात. अशा टोळक्यात वेग कमी असतात, सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटर, आणि तिथं एकमेकींना ओढायला, शेपट्या काढायला निवांत वेळ असतो. पुढे ते टोळकं मोठ्या समूहात पडलं की या सैल झालेल्या शेपट्या सहज सुटतात आणि पसरतात.

चौथं कारण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९४३ सालच्या गणिताशी जाऊन भिडतं. एखादी वजनदार वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून पुढे जाते तेव्हा तिच्या ओढीनं आजूबाजूचे तारे तिच्या मागे किंचित गोळा होतात. हा मागचा घोळका मग तिलाच मागे खेचतो. कशालाही न घासता घर्षण! चंद्रशेखरांपुढे तेव्हा ताऱ्यांचा प्रश्न होता, दीर्घिकांचा नव्हता. पण तोच नियम दीर्घिकांना लावला की समजतं, जड दीर्घिका वेग गमावत समूहाच्या मध्याकडे का घसरत जातात. तिथं बसलेल्या अजस्र दीर्घिकेत त्या विलीन होतात, आणि जाता जाता आपले बाहेरचे तारे भोवती सांडून जातात. जेम्स वेबच्या चित्रातला तो दुधी धूसरपणा नेमका मधल्या दीर्घिकेभोवती का, याचं उत्तर बरंचसं इथं आहे.

आता पुसण्याबद्दल.

अगदी काळोख्या डोंगरावरून पाहिलं तरी रात्रीचं आकाश पूर्ण काळं नसतं. वातावरणाचे वरचे थर स्वतःच मंद प्रकाशतात. सूर्यमालेतल्या धुळीवर सूर्याचा प्रकाश पडून ती उजळते. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचे पातळ पडदे असतात आणि तेही मंद उजेड देतात. या सगळ्याच्या वर, म्हणजे खरं तर या सगळ्याच्या खाली, समूहातल्या भटक्या ताऱ्यांचा उजेड असतो. तो आकाशाच्या स्वतःच्या उजेडाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. खगोलशास्त्रात कुठलंही चित्र वापरण्याआधी पहिलं काम असतं आकाश वजा करण्याचं: जिथं काही दिसत नाही तिथला उजेड मोजायचा, तो 'आकाश' समजायचा आणि सगळ्या चित्रातून काढून टाकायचा. पण समूहाच्या आत 'जिथं काही दिसत नाही' अशा जागीच तर हे तारे असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं संगणक हा उजेड आकाशाच्या खात्यात घालून इमानेइतबारे वजा करत राहिले. चित्रं स्वच्छ निघत होती आणि त्यात काही बिघडलंय असं कुणाला वाटत नव्हतं.

तो उजेड वाचवायचा तर मोठी दुर्बीण लागते असंही नाही. उलट मोठ्या दुर्बिणीचं क्षेत्र लहान असतं, समूहाचा पसारा त्यात मावत नाही, आणि खरं आकाश कुठून मोजायचं तेच कळत नाही. ख्रिस मिहोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कन्या समूहाच्या गाभ्याचं जे चित्र प्रसिद्ध केलं, ते ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या बरेल श्मिट या दुर्बिणीचं होतं. आरसा फक्त ६० सेंटीमीटरचा. पण क्षेत्र विस्तीर्ण, आणि एकेका भटक्या किरणाचा हिशेब ठेवलेला: तेजस्वी तारे दुर्बिणीच्या आत कसे परावर्तित होतात, त्यांच्याभोवतीची प्रभा किती दूर पोचते हे सगळं मोजून काढून टाकलेलं. आपल्यापासून साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा हा समूह हौशी निरीक्षकही दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पाहतात. एम-८४, एम-८६, एम-८७ ही नावं त्यांना पाठ असतात. मिहोस यांच्या चित्रात याच ओळखीच्या दीर्घिकांच्या मधल्या जागा धागे, शेपट्या आणि पुलांनी भरलेल्या दिसल्या.

पुढे पीटर व्हॅन डोकम आणि रॉबर्टो एब्रहम यांनी तर आरसाच काढून टाकला. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला छायाचित्रकार घेऊन बसतात तशा कॅननच्या ४०० मिलिमीटरच्या लेन्स त्यांनी विकत आणल्या, आधी थोड्या, मग वाढवत ४८ पर्यंत नेल्या, आणि सगळ्या एकाच दिशेला रोखल्या. 'ड्रॅगनफ्लाय' या नावाची ही जुळणी न्यू मेक्सिकोत आहे. लेन्सवरचा लेप आतली परावर्तनं फार कमी करतो, म्हणून मंद उजेडाच्या शोधात ती कितीतरी महागड्या दुर्बिणींना भारी पडते.

पण धूसर उजेड दिसला म्हणजे तो ताऱ्यांचाच हे कशावरून? एकेक तारा वेगळा दाखवता आला तरच खात्री. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा सूर्यासारखा तारा दिसणं अशक्य. त्यावर दोन युक्त्या निघाल्या.

पहिली मरणाऱ्या ताऱ्यांची. सूर्यासारखा तारा शेवटी आपले बाहेरचे थर फेकून देतो आणि दहा-वीस हजार वर्षं ग्रहीय तेजोमेघ म्हणून चमकतो. त्याच्या प्रकाशाचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या एकाच हिरव्या रेषेत, ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीवर एकवटलेला असतो. फक्त तेवढाच रंग आत सोडणारी गाळणी लावली की बाकी सगळं अंधारतं आणि हे ठिपके उठून दिसतात. शिवाय ती रेषा किती सरकली यावरून वेगही कळतो. १९९६ मध्ये माग्दा आर्नाबोल्दी आणि सहकाऱ्यांनी एम-८६ भोवतालच्या तेजोमेघांचे असे वेग मोजले. एम-८६ ही विचित्र दीर्घिका आहे. समूहातून इतक्या जोरात पडतेय की विश्व प्रसरण पावत असूनही ती सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगानं आपल्याकडेच येतेय. तिचे तेजोमेघही आपल्याकडे यायला हवेत. तिघे मात्र सेकंदाला हजाराहून जास्त किलोमीटर वेगानं आपल्यापासून दूर चालले होते. ते एम-८६ चे नव्हतेच. नुसते तिच्या दिशेला दिसत होते. कुठल्या दीर्घिकेचे, तर कुठल्याच नाही.

या युक्तीत एक खोडाही निघाला. पुढे सापडलेल्या अशा काही ठिपक्यांची नीट तपासणी केली, तेव्हा ते तेजोमेघ नसून ११ अब्ज वर्षांहूनही आधीच्या, अतिदूरच्या दीर्घिका निघाल्या. त्यांची हायड्रोजनची अतिनील रेषा प्रवासात ताणली जाऊन नेमकी त्याच हिरव्या गाळणीत येऊन बसली होती. कन्या समूहातले बेवारस तारे शोधायला गेलं आणि विश्वाच्या पार पलीकडच्या दीर्घिका हाती लागल्या. आता प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट पाहिल्याशिवाय कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही.

दुसरी युक्ती सरळ होती, पण ती हबल अवकाश दुर्बिणीशिवाय जमली नसती. हेन्री फर्ग्युसन, नायल तान्वीर आणि टेड व्हॉन हिप्पेल यांनी कन्या समूहातली अगदी रिकामी दिसणारी एक जागा निवडली. सर्वांत जवळची मोठी दीर्घिका तीन लाख प्रकाशवर्षं दूर. तिथं हबल रोखून काढलेलं चित्र त्यांनी हबलच्याच दुसऱ्या एका रिकाम्या जागेच्या चित्राशी ताडून पाहिलं. कन्या समूहाच्या चित्रात सुमारे ६०० मंद ठिपके जास्त भरले. हे तांबडे राक्षसी तारे, म्हणजे म्हातारपणी फुगून तेजस्वी झालेले. जे दिसतात ते सहाशे, आणि त्यांच्यामागे न दिसणारे साधे तारे किती याचा हिशेब मांडून १९९७ मध्ये त्यांनी आकडा दिला: संपूर्ण समूहात सूर्यासारखे लाखभर कोटी तारे असे मोकाट असावेत.

अशा एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह असेल, आणि त्यावर वर बघणारं कुणी असेल, तर त्याच्या रात्री कशा असतील? आडवा दुधी पट्टा नाही. नक्षत्रं नाहीत, उघड्या डोळ्यांना जवळजवळ एकही तारा नाही. नुसते इकडेतिकडे धुरकट ठिपके, आणि ते सगळे दीर्घिका. आपल्याकडे विश्वात इतर दीर्घिका आहेत हे १९२० च्या दशकात सिद्ध झालं. तिथल्या खगोलशास्त्राला ते पहिल्या रात्रीच दिसलं असतं, तारा म्हणजे काय हे मात्र फार उशिरा कळलं असतं.

कन्या समूहातच याच्या अगदी उलट टोकही आहे. एम-६० दीर्घिकेजवळ एम६०-यूसीडी१ नावाची एक चिमुकली दीर्घिका आहे. व्यास जेमतेम ३०० प्रकाशवर्षं, आणि तेवढ्यात सुमारे १४ कोटी तारे कोंबलेले. तिथल्या आकाशात उघड्या डोळ्यांना किमान दहा लाख तारे दिसावेत. आपल्याला काही हजार दिसतात. २०१४ मध्ये अनिल सेठ आणि सहकाऱ्यांनी तिच्या मध्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजले, तर आत २ कोटी १० लाख सूर्यांएवढं कृष्णविवर सापडलं. आपल्या अवाढव्य आकाशगंगेच्या मध्याशी असलेलं कृष्णविवर ४० लाख सूर्यांचं. इतक्या लहान देहात इतकं मोठं कृष्णविवर मुळात घडू शकत नाही. म्हणजे ही कधीकाळी मोठी दीर्घिका होती. एम-६० नं तिचे बाहेरचे सगळे तारे ओरबाडून घेतले आणि गाभा तेवढा उरला. भटक्या ताऱ्यांची दुसरी बाजू ती ही: कुठं तारे उरतात पण दीर्घिका नाही, कुठं नुसती आठोळी उरते.

एम-८७ च्या परिसरात २०१४ मध्येच एक आख्खा गोलाकार तारकागुच्छ सापडला. लाखो ताऱ्यांचा हा गोळा एम-८७ च्या मानानं सेकंदाला २३०० किलोमीटरहून जास्त वेगानं भिरकावलेला आहे. इतका वेग की समूहाचीही ओढ त्याला बहुधा थांबवू शकणार नाही. एम-८७ मध्ये एकेकाळी दोन कृष्णविवरं असावीत आणि त्यांच्याजवळ गेल्यानं गुच्छाला हा फटका बसला असावा, असा एक तर्क आहे. तर्क आकर्षक आहे, पुरावा अजून तुटपुंजा.

सगळेच भटके तारे घर सोडून आलेले नसतात. काही जन्मलेच उघड्यावर. दीर्घिकासमूहात कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. त्यातून एखादी दीर्घिका जोरात पुढे घुसते तेव्हा तिच्या ताऱ्यांना काही होत नाही, पण तिचा स्वतःचा थंड वायू समोरच्या झोतानं मागे उडतो आणि तंतूंसारखा लोंबत राहतो. या रूपामुळे अशांना 'जेलीफिश' दीर्घिका म्हणतात. एबेल ८५ या समूहातली जेओ२०१ ही त्यातली एक, तिचा वेग सेकंदाला ३००० किलोमीटरहून जास्त. २०१५ मध्ये इस्रोनं सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीनं तिचं चित्र घेतलं. तंतूंमध्ये ठिकठिकाणी अतिनील प्रकाशानं उजळलेल्या गाठी दिसल्या. अतिनील म्हणजे तरुण, तप्त तारे. उडालेल्या वायूतून, मूळ दीर्घिकेच्या बाहेर, नवे तारे तयार होताहेत. भटक्यांच्या एकूण संख्येत अशांचा वाटा थोडा असावा, कारण बहुतेक उजेड जुन्या ताऱ्यांचा दिसतो.

ताऱ्यांची शेपटी किंवा धारा फार काळ टिकत नाही, हे इथं सांगायला हवं. समूहात एकदोन फेऱ्या झाल्या की ती विस्कटते आणि सगळं सारखं धूसर होऊन जातं. म्हणून २०२३ मध्ये हावियर रोमान आणि सहकाऱ्यांना खुद्द झ्विकींच्या कोमा समूहात एक सरळ, सडपातळ, सुमारे १७ लाख प्रकाशवर्षं लांबीची धारा सापडली तेव्हा आश्चर्य वाटलं. आपल्या आकाशगंगेच्या दहापट लांबी! आधी ७० सेंटीमीटरच्या एका दुर्बिणीत ती पुसट दिसली, मग ला पाल्मा बेटावरच्या ४.२ मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीनं खात्री केली. शेजारी हजार दीर्घिका धुमाकूळ घालताहेत आणि त्यात हा एवढा नाजूक धागा शाबूत. तो नुकताच, म्हणजे खगोलशास्त्रीय अर्थानं नुकताच, ओढला गेला असावा.

एकूण हिशेब काय, तर इथं वाद सुरू होतात. ४०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एबेल २७४४ या समूहात मिरेया मोंटेस आणि इग्नासियो त्रुहियो यांनी २०१४ मध्ये सुमारे २०,००० कोटी भटके तारे मोजले. समूहाच्या एकूण उजेडाच्या दहाएक टक्के. ताऱ्यांच्या रंगावरून त्यांच्यात ऑक्सिजन, कार्बनसारखी जड मूलद्रव्यं किती आहेत याचा अंदाज येतो. इथं ती भरपूर होती, म्हणजे हे तारे किरकोळ दीर्घिकांचे नव्हेत. आपल्या आकाशगंगेएवढ्या जास्तीत जास्त सहा दीर्घिका गेल्या ६०० कोटी वर्षांत तिथं फाडल्या गेल्या, असा त्यांचा निष्कर्ष. २०२४ मध्ये युक्लिड या युरोपीय दुर्बिणीनं ययाती तारकासमूहाच्या दिशेच्या, २४ कोटी प्रकाशवर्षांवरच्या समूहात सुमारे दीड लाख कोटी अनाथ तारे असल्याचा हिशेब दिला. गंमत म्हणजे त्या उजेडाचं केंद्र मधल्या मोठ्या दीर्घिकेवर नाही. ते सुमारे दोन लाख प्रकाशवर्षं बाजूला सरकलेलं आहे. समूह अजून पुरता स्थिरावलेला नाही, याची ती खूण.

पण एका समूहात १० टक्के, दुसऱ्यात ३० टक्के असे आकडे वाचून तुलना करायला जाऊ नये. मधली दीर्घिका संपते कुठे आणि भटके तारे सुरू होतात कुठे, याची सर्वमान्य रेघ नाही. कुणी एका ठरावीक मंदतेपाशी रेघ ओढतं, कुणी अंतरावर. मला सर्वांत पटणारी पद्धत वेगांची आहे. एम-८७ भोवतीच्या शेकडो तेजोमेघांचे वेग मोजले तेव्हा दोन वेगळ्या जमाती निघाल्या. एक एम-८७ ला बांधलेली, दुसरी समूहभर हुंदडणारी, आणि चित्रात दोघी एकाच जागी मिसळलेल्या. नुसत्या उजेडावर रेघ ओढली तर ती चुकणारच. पण वेग मोजणं जवळच्या दोन-चार समूहांपुरतंच शक्य आहे, तेव्हा बाकीच्यांना रेघेवरच भागवावं लागतं.

२०२३ च्या जानेवारीत सोलच्या योन्से विद्यापीठातल्या जू आणि जी यांनी आणखी पेच टाकला. हबलच्या साहाय्यानं त्यांनी दहा फार दूरचे समूह पाहिले. सर्वांत दूरच्याचा उजेड हजार कोटी वर्षांपूर्वी निघालेला. तारे हळूहळू ओरबाडले जात असतील तर इतक्या तरुण समूहांत भटके थोडे सापडायला हवेत. त्यांना तर आजच्याइतकंच प्रमाण सापडलं. म्हणजे यातले पुष्कळसे तारे फार आधीच, समूह घडतानाच सुटे झाले असावेत. दहा समूहांवर सगळं चित्र उलटून टाकावं असं मला वाटत नाही, पण 'हळूहळू झीज' हे एकटं उत्तर आता पुरत नाही एवढं खरं.

आणि आता झ्विकींची दोन टोकं जुळतात. मोंटेस आणि त्रुहियो यांनी पुढे हबलनं खोलवर टिपलेल्या सहा समूहांत भटक्या उजेडाचा आकार आणि कृष्णद्रव्याचा आकार एकमेकांवर ठेवून पाहिला. कृष्णद्रव्याचा आकार मागच्या दीर्घिकांच्या वाकलेल्या प्रतिमांवरून काढतात, ते किचकट काम. दोन्ही नकाशे विलक्षण जुळले. समूहातल्या तप्त वायूचा क्ष-किरणांत दिसणारा नकाशा तितका जुळत नव्हता. कारण समजायला सोपं आहे. दोन समूह आदळले की वायू वायूला थटतो आणि मागे रेंगाळतो. भटके तारे मात्र कशालाही थटत नाहीत, कृष्णद्रव्यही थटत नाही. दोघांना कळते फक्त समूहाची एकूण ओढ, आणि दोघं तिच्याप्रमाणेच मांडले जातात. दिसत नाही ते कुठे आहे, हे मुळात दिसेनासं करून टाकलेल्या ताऱ्यांवरून कळावं, आणि दोन्हींचा पहिला सुगावा एकाच माणसाला एकाच समूहात लागलेला असावा!

चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं २३ जून २०२५ रोजी आपली पहिली चित्रं दाखवली. त्यात कन्या समूहाचा एक मोठा तुकडा होता. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि पुढची दहा वर्षं दक्षिणेचं आख्खं आकाश पुन्हा पुन्हा टिपण्याचं काम. त्या पहिल्याच चित्रात एम-६१ या दीर्घिकेतून निघालेली ताऱ्यांची एक लांब धारा आढळली. एम-६१ माणसाला १७७९ पासून माहीत आहे आणि तिची असंख्य चित्रं निघालेली आहेत. एका फाडल्या गेलेल्या लहान दीर्घिकेचा तो अवशेष आहे. रुबिनची चित्रं रोज रात्री आपोआप प्रक्रिया होऊन बाहेर पडणार आहेत, माणूस प्रत्येक चित्र पाहणार नाही. त्यामुळे मंद उजेडावर काम करणाऱ्यांचं सध्या दुर्बिणीपेक्षा तिच्या सॉफ्टवेअरकडे जास्त लक्ष आहे: आकाश म्हणून किती वजा करायचं आणि किती ठेवायचं, हे ठरवणाऱ्या ओळींकडे.